उसनी पोरं

माझी शाळा आज गावात चांगली चालते. लोक मान देतात, लग्नाच्या पंगतीत वरच्या अंगाला बसवतात, दसऱ्याला शेजारच्या गावांतली माणसं मुलांना घेऊन येतात. तलवाड्याकडचं कुणी भेटलं की म्हणतं, मास्तर, सरकारची नोकरी सोडायला छाती लागते. मी मान हलवतो. त्यात छातीचा भाग किती आणि दुसऱ्या गोष्टींचा किती, ते मला ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसलो.

आधी मी सरकारी शाळेत दुय्यम मास्तर होतो. चावडीला लागून मातीची एक लांबट खोली आणि पुढं पडवी, एवढीच ती शाळा. सदर मुदर्रिस, म्हणजे मुख्य मास्तर, वयस्कर मुसलमान गृहस्थ होते. गाव त्यांना मौलवीसाहेब म्हणे. ते उर्दू आणि हिशेब शिकवत, मी लहान मुलांना मराठी. मी स्वतःही त्यांच्याच हाताखाली, त्याच खोलीत शिकलो. माझं उर्दू अक्षर त्यांनी बोट धरून घोटून घेतलेलं. नोकरीसाठी माझं नाव गेवराईला जाऊन साहेबांच्या कानावर घातलं तेही त्यांनीच. चार लोकांत ते मला मास्तर म्हणत आणि एकटे असलो की बेटा.

शाळेला फी जवळजवळ नव्हतीच. पाटलांची आणि बड्या कुणब्यांची मुलं पुढं तरटावर बसत, मागं कुंभार, मोमीन, आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतली तिघं-चौघं पडवीत, उंबऱ्यापलीकडं. मौलवीसाहेब शिकवताना आत बसत नसत. उंबऱ्यात उभे राहून शिकवत, त्यामुळं आवाज दोन्हीकडं जाई. ते मुद्दाम तसं करत की ती त्यांची सवयच होती, हे मी कधी विचारलं नाही.

वर्षातून एकदा शाळेचा मुआइना व्हायचा. मोहतमिमसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, घोड्यावरून येत, मुलं मोजत, चार प्रश्न विचारत. मुलं फारच कमी भरली तर शाळा उठवून दुसऱ्या गावाला देत. आमच्या भागात मुलं राखणीला जायची, काढणीला जायची, गुरांमागं जायची. म्हणून मुआइन्याच्या आधी मास्तरनं शेतोशेत फिरून मुलं गोळा करायची, आणि तरी कमी पडली तर शेजारच्या गावाहून बैलगाडी भरून उसनी आणायची. त्यांच्या मुआइन्याला आपली द्यायची. यात कुणाला वावगं वाटत नसे. साहेबांनाही कळत असावं. फक्त एक काम नेटकं करावं लागे. आदल्या दिवशी मुलांना बसवून पढवायचं. तुमची शाळा कोणती? हीच. उस्ताद कोण? हे. रोज येता? जी हां. हे पढवण्याचं काम माझ्याकडं होतं. उसनं आलेलं पोरगं माझ्या हाताखालून गेलं की साहेबानं कितीही फिरवून विचारलं तरी फसत नसे. मला त्याचा अभिमान होता.

नोकरी सोडायचं मनात भरवलं पाटलांनी. एकदा चावडीवर तंबाखू मळताना म्हणाले, “मास्तर, किती दिस दुसऱ्याच्या दावणीला ऱ्हाणार? माजी माडी रिकामीच हाय. सोताची शाळा काढा की.”

“मुलं येतील का?”

“न येऊन जातील कुठं? आमचं पोरगं उर्दूत काय काय घोकतंय, घरात एकाला बी कळंना. मराठी शिकवा, मोडी शिकवा, बाजारचा हिसाब शिकवा. सुगीला घरटी जवारी देऊ. सरकारावानी म्हैने म्हैने वाट बगायला लावनार न्हाई.”

मी गावात सांगितलं की आपल्या भाषेसाठी शाळा काढतोय. ते खोटं नव्हतं. आपल्या मुलांना आपल्या भाषेत शिकता यावं असं मला मनापासून वाटे, अजूनही वाटतं. पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती. मला पहिल्या जागी बसायचं होतं. मौलवीसाहेब म्हातारे झाले तरी ते सदर आणि मी दुय्यमच राहणार, याचा मला आतून कंटाळा आला होता. भाषेचं नाव पुढं केल्यावर तो कंटाळा कुणाला दिसला नाही.

राजीनामा उर्दूत लिहून मी त्यांच्याकडं नेला. त्यांनी तो सावकाश वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. “ये लफ्ज गलत है. साफ लिखके ला.” मी पुन्हा लिहून नेला. मग त्यांनी तो घडी करून अंगरख्याच्या खिशात ठेवला आणि विचारलं, “जगह पक्की है ना? छत गळत तर न्हाई?” तेवढंच विचारलं.

तेव्हा खानगी शाळेला सरकारची परवानगी लागत नसे. ती भानगड पुढं आली. दसऱ्याला पाटलांच्या माडीवर पाटीपूजन केलं आणि शाळा सुरू झाली. चावडीजवळच्या शाळेतली पुढं बसणारी सगळी मुलं माझ्याकडं आली, त्यांच्यामागची बरीचशी आली. माडीचा जिना पाटलांच्या स्वयंपाकघराच्या अंगणातून चढत होता. पडवीत बसणाऱ्या मुलांना त्या अंगणात पाय टाकता येणार नव्हता. पाटलांनी तसं कधी बोलून दाखवलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही. आम्ही दोघांनीही जिना दाखवला आणि गप्प बसलो.

शाळेचं नाव व्हावं म्हणून मी मुलांकडून एक गोष्ट बसवून घेतली होती. कुणीही पाहुणा वर आला की सगळ्यांनी एकदम उठायचं, हात जोडायचे आणि एका सुरात म्हणायचं, “रामराम पाहुणे! आम्ही पाटलांच्या माडीवरच्या मराठी शाळेची मुलं! आम्ही वाचतो, लिहितो, हिशेब करतो! आमची शाळा बघा!” पहिले काही आठवडे मी रोज म्हणवून घेतलं. आवाज चावडीपर्यंत जाई. पाटलांना ते इतकं आवडलं की घरी आलेल्या सोयऱ्यांना ते मुद्दाम वर घेऊन येत. एक व्यापारी तर एवढं ऐकूनच आपली दोन मुलं घालून गेला. मुलांच्या अंगात ते इतकं भिनलं की मांजर वर आलं तरी दोघं-तिघं अर्धे उठत.

हिवाळ्यात एके दिवशी मौलवीसाहेब माडीवर आले. जिना चढून त्यांना दम लागला होता. ते दारात दिसताच मुलं उठली आणि एका सुरात सगळं म्हणून मोकळी झाली, ज्यांच्याकडं ती कालपर्यंत शिकत होती त्यांच्यासमोर हात जोडून. मी हातानं मुलांना खाली बसवलं. मौलवीसाहेब मात्र हसले.

“आवाज तो खूब है इनका. मेरे पास तो मुंडी हलाते थे.”

मी त्यांना बसायला घोंगडी दिली. ते मुलांकडं बघत बसले, मग हळू आवाजात म्हणाले, “मुआइना आया है, बेटा. परसों. माझ्याकडं आता थोडीच ऱ्हायलीत. गिनती में नहीं बैठतीं.”

मी मुलांना पुढची ओळ लिहायला लावली.

“एक दिन के वास्ते दे दे. शाम को जैसी के वैसी वापस. गावात पीठ उसनं नेतात, इरजण उसनं नेतात. मी पोरं उसनी मागतो.” आणि पुन्हा हसले. “खा नहीं जाऊंगा.”

“हे काय विचारणं झालं? नक्की धाडतो,” मी म्हणालो. त्या घडीला मला खरंच तसं वाटत होतं.

माडी पाटलांची, म्हणून संध्याकाळी त्यांना सांगायला गेलो. ते झोपाळ्यावर सुपारी कातरत बसले होते.

“धाडा की. मी कावून न्हाई म्हनू?” त्यांनी अडकित्ता थांबवला. “पर मास्तर, ती शाळा ऱ्हायली काय नि उठली काय, तुमाला त्याचं काय? उठली तर उरल्याली बी इकडंच येतील.”

उरलेली सगळी इकडं येणार नाहीत, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. पण घरी चालत येताना माझ्या डोक्यात त्यांचं पहिलं वाक्य नव्हतं, दुसरंच होतं. उठली तर.

मुआइन्याच्या आदल्या संध्याकाळी जेवायला बसलो, तर बायको म्हणाली, “आवं, कावून गप हायसा?”

मी सांगितलं की उद्या मुलं मौलवीसाहेबांकडं धाडायचीत.

“लई चांगलं की. पर त्यास्नी पढवलं का? न्हाई तर तिथं बी उटून रामराम पाहुणे करतील. मांजराला सोडत न्हाईत ती.”

ती हसली. मीही हसलो. म्हणालो, “सकाळी सांगतो.”

सकाळी मुलं पाटलांच्या दारात जमली. धुतलेले सदरे, चपचपीत तेल, कुणाकुणाच्या कपाळाला गंध. मुआइन्याची त्यांना जत्रेसारखी हौस असे. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. सूर्य नुकता वर आला होता, साहेब यायला अवकाश होता. खाली बसवून, पूर्वी हजार वेळा पढवलं तसं पढवायला मला पुरेसा वेळ होता. मी म्हणालो, “ओळीनं जा. नाकं पुसा.”

एवढंच म्हणालो.

पुष्कळ वर्षं मी स्वतःशी वाद घातला की मी विसरलो होतो. माणूस विसरतो, कामं असतात. पण ‘नाकं पुसा’ म्हणताना बायकोचं वाक्य माझ्या मनात होतं. ते मी जिभेवर आणलं नाही. मुलं गल्लीतून वळेपर्यंत मी बघत होतो. हाक मारली असती तर ती थांबली असती.

मग मी माडीवर जाऊन बसलो. रिकामी तरटं, फळ्यावर कालचा धडा. खिडकीतून मधली धाब्याची घरं आणि त्यापलीकडं चावडीचा निंब दिसे. घोड्याचा आवाज आला. थोडा वेळ काही नाही. आणि मग एकदम, त्या सगळ्या धाब्यांवरून, मी बसवलेल्या सुरात, मी शिकवलेल्या ठिकाणी श्वास घेऊन, “रामराम पाहुणे! आम्ही पाटलांच्या माडीवरच्या मराठी शाळेची मुलं!”

शेवटपर्यंत म्हटलं त्यांनी. मग गप्प झालं. आणि मी खिडकीतून मागं वळणार एवढ्यात पुन्हा सुरू झालं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

मुलं धावत परत आली. “मास्तर, मास्तर! सायबानं परत म्हनायला लावलं! म्हनला, फिर से बोलो!”

“आणि मौलवीसाहेब?”

“ते खाली बगत हुते.” मग एकानं विचारलं, “बराबर म्हनलो ना, मास्तर?”

त्यांच्या तोंडावर शाबासकीची आस होती. मी म्हणालो, “शाब्बास.”

गावाला हसायला विषय झाला. चावडीवर कुणीही आलं की माणसं उठून हात जोडत, “रामराम पाहुणे!” आणि पोट धरून हसत. “लेकाच्यांनी सायबालाच पाहुना केला, बे!” मीही त्यांच्यात बसून हसलो. घरी बायकोनं विचारलं, “सांगितलं हुतं ना त्यास्नी?” मी म्हणालो, “सांगितलं होतं. पोरंच ती.” तिनं माझ्याकडं पाहिलं आणि चुलीतलं लाकूड मागं ओढलं. पुन्हा कधी विचारलं नाही. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

उन्हाळा लागायच्या आत शाळा उठल्याचा हुकूम आला. खोट्या हजेरीचा ठपका ठेवून मौलवीसाहेबांना लांबच्या गावी, खालच्या जागेवर पाठवलं. पेन्शनीला आलेला माणूस. बैलगाडीत त्यांची पेटी आणि बिछाना ठेवला तेव्हा मी गेलो. जाऊ नये असं वाटत होतं, आणि न जाणंही दिसलं असतं. ते गाडीत बसले, चादर पायांवर ओढली, मला जवळ बोलावलं.

“बच्चों को मारना नहीं, बेटा. जैसा सिखाया, वैसाच बोले.”

त्यांना काय कळलं होतं आणि काय नाही, हे मी त्या वाक्यातून आजपर्यंत काढू शकलो नाही. आवाजात राग नव्हता. गाडी निघाली. मी वेशीपर्यंत मागं चालत गेलो, आणि लोकांना वाटलं मास्तराचं किती प्रेम.

पाटलांनी म्हटलं तसं उरलेल्यांतली काही माझ्याकडं आली. कुंभारांची आली, मोमिनांची दोन आली. पडवीतली आली नाहीत. एका सकाळी गावकुसाबाहेरच्या, दोर वळणाऱ्या घरातली एक बाई पाटलांच्या वाटेवर, अंगणापासून दूर उभी राहिली. तिच्या मुलाची मौलवीसाहेबांच्या पडवीत पहिली दोन पुस्तकं वाचून झाली होती. तिच्या हातात नवं, पिळदार दावं होतं.

“मास्तर, आमच्याकडं जवारी न्हाई जी. ह्ये घ्या. पोराला तेवढं बसवा. कुटं बी बसंल, खाली बसंल.”

मी दावं हातात घेतलं. आणि म्हणालो, “दसऱ्याला बघू.”

“बरं जी,” म्हणून ती गेली. दसरा आला आणि गेला. ते दावं आमच्या गाईच्या गळ्यात बरीच वर्षं होतं. चांगलं वळलेलं होतं.

त्या वस्तीच्या बाजूनं एकदा जात होतो, तर दोन लहान पोरी चिंचेखाली शाळा शाळा खेळत होत्या. मला बघून उठल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, “रामराम पाहुणे! आम्ही पाटलांच्या माडीवरच्या मराठी शाळेची मुलं!” त्या हसत होत्या. मी रस्ता बदलला. माडीवर मात्र ते म्हणणं पुढं कित्येक वर्षं चालू राहिलं, कारण पाटलांना आवडायचं. मी दर वेळी बाजूला उभा राहून ऐकत असे.

यंदाच्या पावसाळ्यानंतर तीच, दावं देऊन गेलेली बाई आली. आता केस पिकलेत. बरोबर नातू होता. जुने पाटील वारलेत, माडी त्यांच्या मुलाची आहे. ती अंगणाबाहेर तिथंच उभी राहिली. मी खाली गेलो.

“मास्तर, अर्जी लिवून द्या. आमच्या वस्तीनं सरकारी शाळा मागायचं ठरवलंय. उर्दूत पायजे म्हनत्यात. गावात तुमच्याबिगर कुनाला येतीय?”

खरं आहे. मौलवीसाहेबांनी घोटून घेतलेलं अक्षर गावात दुसऱ्या कुणाकडं राहिलं नाही. सरकारी शाळा आली तर माझी निम्मी मुलं जातील, हेही मला तिथं उभ्या उभ्याच कळलं. मी दौत-टाक मागवला आणि वाटेवरच्या दगडावर बसून लिहायला लागलो. पूर्वी शाळा होती, ती का उठली, हे लिहावं लागणार होतं. तालिमात, म्हणजे शिक्षण खात्यात, तेच आधी विचारतात. मी लिहिलं, लोकांची शिक्षणाबद्दलची उदासीनता. तिनं वाचून दाखवायला सांगितलं. मी मराठीत सांगितलं, लोकांना शाळेची गोडी नव्हती म्हणून उठली.

तिनं कागदाकडं पाहिलं. मग म्हणाली, “आसंल. तुमी शिकल्यालं मानूस.”

मी तो कागद फाडला. म्हणालो, शाई सांडली. दुसरा घेतला आणि लिहिलं की त्या शाळेतील मुले या अर्जाच्या लेखकाने आपल्या खानगी शाळेत नेली, आणि तपासणीच्या दिवशी झालेल्या प्रकाराला तोच जबाबदार होता, सदर मुदर्रिस नव्हते. खाली सही केली. अक्षर वळणदार आलं. मौलवीसाहेब असते तर कुठं बोट ठेवलं असतं, असा विचार आला. या वेळी तिला वाचून दाखवताना मी ते वाक्य गाळलं. साहेबाला कळेल, तिला मी नाही सांगू शकलो.

तिनं कागद नातवाच्या हातात दिला, दोन्ही हातांनी धरायला लावला. निघताना म्हणाली, “शाळा यायला तर लई दिस लागतील. तवर ह्याला तुमच्याकडं धाडू का?”

“धाड,” मी म्हणालो.

“वरती?” तिनं माडीकडं बघितलं.

“वरती.”

हे बोलून आठ दिवस झाले. मुलगा सोमवारी येणार आहे. अंगणातून येणार आहे, आणि पाटलांच्या मुलाला मी काल संध्याकाळपर्यंत काही बोललो नव्हतो. काल त्यांच्याकडं चहाला बसलो होतो. बोलायला चांगली वेळ होती, आम्ही दोघंच होतो. मी पावसाचं बोललो. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, सांगितलं का?

मी म्हणालो, सकाळी सांगतो. तिनं ताट वाढलं नाही. तशीच बसून राहिली, मी पुन्हा उठून पायताण घालेपर्यंत.